४१६००१ फोडून बघितला

४१६००१. कोल्हापुरातल्या माणसानं हा आकडा आयुष्यात किती वेळा टाईप केला असेल त्याला गणतीच नाही, बँकेचा फॉर्म, गॅस कनेक्शन, पोरांचं ॲडमिशन, ऑनलाईन मागवलेला चार्जर, सगळीकडं पत्त्याच्या शेवटी हाच, बोटांना पाठ झालाय अगदी. पण ही एक संख्या पण आहे की, चार लाख सोळा हजार एक, आणि कुठलीही संख्या हातात आली की ती फोडून बघायची, तिचा स्वभाव बघायचा, हे मी शाहूपुरीत ट्यूशनला येणाऱ्या पोरांना कायम सांगत आलोय. तर या पोस्टमधे फक्त या एका संख्येबद्दल (आणि ओघात आजूबाजूच्या तिच्या भावकीबद्दल) लिहितोय. सगळं वही-पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन तपासता येतं, आणि तुम्ही तपासावंच, कारण नुसतं वाचून यातली गंमत निम्मीच कळते.

आधी हा आकडा आला कुठून ते थोडक्यात सांगतो. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि ती पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपला मराठी माणूस, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा, दुसरा अंक त्यातला उपविभाग, तिसऱ्यावरनं टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक म्हणजे पोस्ट ऑफिस. ४१६ मधे कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग येतात. म्हणजे वेलणकरांनी हा आकडा बनवला तो टपाल छाटायला, त्याचे अवयव काय येतात याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि मला नेमकं तेच आवडतं, कारण मुद्दाम निवडलेली "स्पेशल" संख्या नाही ही. सहज समोर आलेली आहे.

आता फोडूया. शेवटी १ आहे म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+१+६+०+०+१ म्हणजे १२, तिला ३ नं भाग जातो म्हणजे संख्येलाही जातो, भागाकार आला १३८६६७. याच्या अंकांची बेरीज ३१, म्हणजे परत ३ चालत नाही. ७ नं भागलं तर बाकी ४, ११ नं १, १३ नं ९, १७ नं १५, १९ नं ५. इथंपर्यंत आलं की बरीच पोरं पेन खाली ठेवतात आणि म्हणतात सर ही मूळ संख्याच असणार. थांबायचं नाही. पुढचा २३ घ्या. २३ × ६००० म्हणजे १३८०००, आणि वर उरले ६६७, ते २३ × २९. बरोबर बसलं, बाकी शून्य! १३८६६७ = २३ × ६०२९.

मग ६०२९ चं काय? ७७ चा वर्ग ५९२९ आणि ७८ चा ६०८४, म्हणजे ७७ पर्यंतच्याच मूळ संख्या तपासायच्या, त्यातल्या १९ पर्यंतच्या तर आपण आधीच उडवल्या आहेत (ज्यानं १३८६६७ ला भाग जात नाही त्यानं त्याच्या अवयवाला कसा जाईल), म्हणजे २३ पासून ७३ पर्यंत फक्त तेरा भागाकार राहतात. ते करा. ६७ ला तर फक्त एकानं हुकतं, ६७ × ९० = ६०३०. एकाही मूळ संख्येनं भाग जात नाही, म्हणजे ६०२९ ही स्वतः मूळ संख्या.

तर ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. तीन मूळ संख्या, तिन्ही वेगळ्या, एकही दोनदा नाही. अशा संख्येला स्फेनिक संख्या म्हणतात, सगळ्यात लहान स्फेनिक ३०, म्हणजे २ × ३ × ५. स्फेनिक संख्या केवढीही मोठी असली तरी तिचे विभाजक बरोबर आठच असतात, आपले बघा: १, ३, २३, ६९, ६०२९, १८०८७, १३८६६७ आणि ४१६००१.

तीन मूळ अवयव हे जास्त की कमी? याला फार सुंदर उत्तर आहे आणि ते आपल्या रामानुजनचं आहे. १९१७ मधे इंग्रज गणितज्ञ हार्डी आणि रामानुजन यांनी दाखवलं की एखादी मोठी संख्या घेतली तर तिचे वेगवेगळे मूळ अवयव साधारण किती असतील, तर त्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम (सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) घ्यायचा आणि त्या उत्तराचा परत लॉगरिदम घ्यायचा, साधारण तेवढे. ४१६००१ साठी पहिला लॉग येतो सुमारे १२.९४, त्याचा परत लॉग सुमारे २.५६. म्हणजे अडीचच्या जरा वर, आणि आपल्याकडं तीन. एकदम नॉर्मल! लाखातली संख्या म्हटल्यावर ढीगभर अवयव असतील असं आपल्याला वाटतं, पण ती वाढ इतकी सावकाश होते की लाख काय आणि कोटी काय, तीनाच्या आसपासच घोळत राहते. वर्गात हे सांगितलं की पोरांना खरं वाटत नाही, मग मी सांगतो की आपल्या घरचा पिनकोड फोडा आणि बघा.

तोच पहिला लॉग, १२.९४, आणखी एका कामाला येतो. एवढ्या मोठ्या संख्यांच्या भागात मूळ संख्या किती दाट सापडतात, तर साधारण तेरात एक. म्हणून मी ४१६००१ पासून ४१६०१३ पर्यंतच्या तेरा संख्या घेतल्या. सम संख्या बाद. ४१६००३ (ताराबाई पार्कवाले) ला ७ नं भाग जातो. ४१६००५ ला ५ नं. ४१६००७ आणि ४१६०१३ ला ३ नं. ४१६००९ म्हणजे ११ × ५९ × ६४१, ही पण स्फेनिक निघाली, आणि त्यातला ६४१ तर गणितातला नामांकित गडी आहे, फर्मा या जुन्या फ्रेंच गणितज्ञानं २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून आलेली संख्या मूळ असणार असं धरलं होतं आणि ऑयलरनं १७३२ मधे तिचा ६४१ हा अवयव काढून दाखवला होता. राहिला ४१६०११. त्याला ६४३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागतं, लय कंटाळवाणं काम आहे पण करा, कशानंच भाग जात नाही. तेरात एक म्हटलं होतं, आणि तेरात बरोबर एक मिळाली. असं दरवेळी इतकं नेमकं जुळत नाही हे खरं, कधी तेरात एकही नसते, कधी तीन असतात, सरासरीचा नियम आहे तो. पण आपल्याच गावच्या आकड्यांत जुळलं म्हटल्यावर मला जो आनंद झाला तो झालाच.

विभाजकांची बेरीज पण बघायची असते. स्वतः ४१६००१ सोडून बाकीचे सात विभाजक मिळवले तर १६२८७९ येतात, म्हणजे संख्येपेक्षा बरेच कमी, अशीला न्यून संख्या म्हणतात. बेरीज संख्येएवढी आली तर परिपूर्ण, ६, २८, ४९६, ८१२८ या त्यातल्या, आणि जास्त आली तर विपुल. आता शिवाजी विद्यापीठाचा पिनकोड घ्या, ४१६००४, फक्त तीननं पुढं. तो फोडला तर २ × २ × ३ × ३४६६७, आणि स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज येते ५५४७००. विपुल! शाहूपुरी न्यून आणि विद्यापीठ विपुल, अंतर तीनचं. शेजारच्या दोन संख्यांचे स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत ही गोष्ट अंकगणितात पुन्हा पुन्हा दिसते आणि मला तरी तिचा कधी कंटाळा आलेला नाही.

आता वर्गांकडं. ६४५ चा वर्ग ४१६०२५, म्हणजे आपण एका पूर्ण वर्गाच्या फक्त २४ नं खाली बसलोय. आणि ४१६००० म्हणजे ६४० × ६५०, त्यामुळं ४१६००१ = ६४० × ६५० + १. पण खरा प्रश्न असा की ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का. ४ नं भागलं तर बाकी १ येते, त्यामुळं पहिल्यांदा वाटतं येत असेल. येत नाही. कारण अवयवांत ३ आणि २३ आहेत, दोघांनाही ४ नं भागलं की बाकी ३ राहते, आणि अशा बाकी ३ वाल्या मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आल्या की दोन वर्गांची वाट बंद, हा फर्माच्या काळापासूनचा जुना नियम. ६०२९ एकटा असता तर जमलं असतं, ७७ चा वर्ग अधिक १० चा वर्ग, ५९२९ + १०० = ६०२९. त्याची अडचण नाही, ३ आणि २३ नं अडवलंय.

मग तीन वर्ग? लजांद्रच्या नियमाप्रमाणं चालायला पाहिजे, कारण ८ नं भागून ४१६००१ ची बाकी १ येते, आणि विषम संख्येला अडचण फक्त बाकी ७ आली तरच असते. मी ६४४ पासून खाली उतरत गेलो, ६४४ चा वर्ग वजा केला तर उरलेल्याचे दोन वर्ग होत नाहीत, ६४३ ला नाही, ६४२ ला नाही, आणि ६४१ ला आलं: ४१०८८१ वजा केले की उरतात ५१२०, आणि ५१२० = ४०९६ + १०२४. म्हणजे

४१६००१ = ६४१² + ६४² + ३२²

हे वहीत आलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या ओळीकडंच बघत बसलो होतो. ऑयलरचा तोच ६४१, आणि सोबत ६४ आणि ३२, दोघंही २ चे घात. याच्यामागं काही खोल कारण आहे असा माझा दावा नाही, पण इतकी देखणी ओळ आपल्या पिनकोडातनं निघावी!

इथंपर्यंत जे सगळं लिहिलं, अवयव, विभाजक, वर्ग, ते त्या संख्येचं स्वतःचं आहे. ती रोमन अंकांत लिहा, कॉम्प्युटरच्या ० आणि १ मधे लिहा, चिंचोके मांडून दाखवा, ३ × २३ × ६०२९ बदलत नाही. पण संख्यांचे आणखी काही गुण असतात जे आपण ती कशी लिहितो, दहा अंकांत, त्यावर अवलंबून असतात, आणि तिथं आलं की महाराष्ट्रातल्या माणसानं एकच नाव घ्यायचं, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. फर्ग्युसनला शिकले, १९२७ मधे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर. विद्यापीठात खुर्ची नाही, हाताखाली कोणी नाही, शाळेच्या पगारात संसार आणि उरलेल्या वेळात अंकांशी खेळ. इथल्या बऱ्याच लोकांनी त्यांचं काम किरकोळ मानलं. १९७५ मधे मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, मग जगाला कळलं. १९८६ मधे ते गेले. मी स्वतः शिकवणारा माणूस, त्यामुळं या मास्तरांबद्दल मला जे वाटतं ते आदराच्या पण पुढचं आहे.

त्यांची हर्षद संख्या सोपी आहे: अंकांची बेरीज करा, त्या बेरजेनं संख्येला पूर्ण भाग गेला तर हर्षद. ४१६००१ ची बेरीज १२, पण संख्या विषम, १२ नं भाग जायचा प्रश्नच नाही. कोल्हापूर हर्षद नाही. मग ४१६००२, ४१६००३ असं करत पुढं गेलो तर एकही बसेना, पहिली हर्षद मिळते ती ४१६०१६ ला, बेरीज १८ आणि १८ × २३११२ = ४१६०१६. जिल्ह्यात बघितलं तर गडहिंग्लज, ४१६५०२, बेरीज परत १८, आणि १८ × २३१३९ बरोबर बसतं, म्हणजे गडहिंग्लजकर हर्षद. इचलकरंजीचा ४१६११५ विषम असून बेरीज १८, त्यामुळं नाही.

आणि सांगली. सांगलीचा पिनकोड ४१६४१६. तेच तीन अंक दोनदा, आणि अशी कुठलीही संख्या असली की ती १००१ च्या पटीत असते, ४१६ × १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणून कुठलेही तीन अंक दोनदा लिहा, ७, ११, १३ तिन्हीनं भाग जाणारच, वर्गात जादू म्हणून करून दाखवायला एक नंबर. वर ४१६ म्हणजे २ चा पाचवा घात गुणिले १३. सगळं मिळून सांगलीचे विभाजक होतात ७२, आपले आठ! विपुल तर आहेच, आणि अंकांची बेरीज २२, २२ × १८९२८ = ४१६४१६, म्हणजे हर्षद पण. सांगलीत मावसभाऊ असतो, त्याला लगेच फोन केला, म्हटलं दादा तुमचा नंबर हर्षद निघाला आणि आमचा नाही. तो म्हणाला, "मग? सांगली हाय ती." मला खरंच कौतुक वाटलं त्या संख्येचं, गावं बाजूला ठेवून.

पण आता हे बघा. हर्षद असणं हे लिहिण्याच्या पद्धतीवर आहे म्हटलं ना, समजा माणसं दहाच्या ऐवजी चोवीसच्या पटीत मोजत असती, तर ४१६००१ चे "अंक" झाले असते १, ६, २, ५, ९. करून बघा: ३३१७७६ + ६ × १३८२४ + २ × ५७६ + ५ × २४ + ९. त्यांची बेरीज २३, आणि २३ तर आपला अवयवच आहे! म्हणजे चोवीसच्या पद्धतीत कोल्हापूर हर्षद आहे. संख्या तीच, नुसता लिहिण्याचा पाया बदलला.

याच कारणावरनं मोठमोठ्या गणितज्ञांनी अंकांच्या खेळाला नाकं मुरडली. हार्डीनं उदाहरण दिलं होतं की चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत की त्या स्वतःच्या उलट्याच्या पटीत आहेत (२१७८ × ४ आणि १०८९ × ९), आणि असल्या गोष्टी पेपरातल्या कोड्यांना ठीक, पण गणितज्ञाला त्यात काही नाही. हार्डी म्हणजे केवढा माणूस, रामानुजनला जगासमोर आणणारा, पण इथं मला त्याचं पटत नाही. दहाच्या पायावर उभं असलं म्हणून त्यातला नियम खोटा होत नाही आणि त्याची सिद्धता पण सिद्धताच असते. एक देतो. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग करून दोन तुकडे केले आणि ते मिळवले की तीच संख्या परत येते, ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. आता ४१६००१ कापरेकर संख्या आहे का हे बघायला तिचा वर्ग करायची गरजच नाही. तुकडे करून मिळवल्यानं ९ नं भागून येणारी बाकी बदलत नाही, म्हणजे संख्येची आणि तिच्या वर्गाची बाकी सारखी पाहिजे, आणि ते फक्त बाकी ० किंवा १ असेल तरच होतं. आपली बाकी ३, तिचा वर्ग ९, म्हणजे बाकी ०. जमत नाही, विषय संपला. दोन ओळीत चार लाखांची संख्या बाद केली, याला गणित नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

कापरेकरांची दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची, जिला देवळाली संख्या पण म्हणतात. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. ४१५९६८ च्या अंकांची बेरीज ३३, मिळवली की ४१६००१, म्हणजे आपल्याला जन्मदाता आहे. आणि आपल्या १२ मिळवल्या की ४१६०१३, तो आपला वारस (हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे). पण काही संख्यांना जन्मदाताच नसतो, कुठलीही संख्या घेऊन तिथं पोचता येत नाही, त्या स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१ अशा. आणि आपल्या शेजारी ४१६००५ ही स्वयंभू आहे! जन्मदाता असला तर त्याच्या अंकांची बेरीज ८, १७, २६, ३५, ४४ किंवा ५३ असावी लागते (९ च्या बाकीवरनं), सहा शक्यता, सहाही तपासल्या, एकही जुळत नाही.

आता सगळ्यात भारी भाग. कापरेकरांचं ६१७४ बऱ्याच जणांना माहीत असतं: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, परत तेच, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतोच आणि मग तिथंच थांबतो. १९४९ मधला शोध. तीन अंकांना असाच ४९५. सहा अंकांना मात्र एकच मुक्काम नाही. तिथं तीन आहेत: ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन स्थिर, एकदा आले की तिथंच, आणि तिसरा मुक्काम म्हणजे सात संख्यांचं एक चक्र, त्यात शिरलं की गोल गोल फिरत राहायचं, बाहेर पडणं नाही. बहुतेक सहा अंकी संख्या या चक्रातच जातात.

४१६००१ लावला. ६४११०० वजा ००११४६, आले ६३९९५४. मग ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि आठव्या पायरीला ४२०८७६. तिथनं ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि परत ४२०८७६. कोल्हापूर चक्रात. गडहिंग्लज तीन पायऱ्यांत चक्रात, इचलकरंजी चार पायऱ्यांत चक्रात. विद्यापीठाचा ४१६००४ लावला तर ६४४१०० वजा ००१४४६ = ६४२६५४, हा चक्रातलाच आकडा, म्हणजे एका पायरीत आत.

मग सांगली लावली. ६६४४११ वजा ११४४६६. उत्तर ५४९९४५.

एका पायरीत स्थिर मुक्कामावर! मी वजाबाकी परत तपासली. बरोबर आहे. आणि मग तो आपला वारस आठवला, ४१६०१३, ४१६००१ मधे त्याच्याच अंकांची बेरीज मिळवून आलेला. ६४३११० वजा ०११३४६ = ६३१७६४. तो पण एका पायरीत, आणि दुसऱ्या स्थिर मुक्कामावर. म्हणजे तिन्ही मुक्काम ४१६ च्या कुटुंबातच एकेका पायरीत सापडले: सांगली ५४९९४५ ला, ४१६०१३ ते ६३१७६४ ला आणि विद्यापीठ चक्रात.

हे नुसतं आश्चर्य म्हणून सोडायचं नाही, यामागचं कारण काढता येतं. सहा अंक उतरत्या क्रमानं लावले की फक्त तीन फरक महत्त्वाचे असतात: पहिला वजा सहावा, दुसरा वजा पाचवा, तिसरा वजा चौथा. वजाबाकीचं उत्तर नेहमी पहिला फरक × ९९९९९ + दुसरा × ९९९० + तिसरा × ९०० एवढंच येतं (तिन्ही ९ च्या पटीत, म्हणून प्रत्येक उत्तर ९ च्या पटीत). सांगलीचे फरक ५, ५, ०. वारसाचे ६, ३, २. विद्यापीठाचे ६, ४, ३ आणि आपले ६, ४, ०. बघा, शाहूपुरी आणि विद्यापीठ यांच्यात फक्त तिसऱ्या फरकाचा भेद आहे, तेवढ्यावर एकाला आठ पायऱ्या लागल्या आणि दुसऱ्याला एक.

आणि या तीन फरकांत पहिला सगळ्यात मोठा किंवा बरोबरीचा, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक ० ते ९ मधला, अशा तिकड्या मोजल्या तर २२० होतात, त्यातली सगळी शून्यं काढली की २१९. सहा अंकी संख्या नऊ लाख आहेत, पण पहिल्याच वजाबाकीनंतर जास्तीत जास्त २१९ वेगळी उत्तरं उरतात. म्हणजे सहा अंकांना तीनच मुक्काम का, याची पूर्ण खात्री करायला कॉम्प्युटर लागतच नाही, वहीत २१९ ओळी आखायच्या, प्रत्येकीचं पुढचं उत्तर लिहायचं आणि बाण काढायचे. मी ट्यूशनच्या नववीच्या बॅचला या दिवाळीच्या सुट्टीत हेच वाटून देणार आहे, प्रत्येकाला थोड्या थोड्या ओळी, आणि पहिली ओळ प्रत्येकानं आपापल्या घरच्या पिनकोडनं सुरू करायची. बॅचमधली एक पोरगी जयसिंगपूरहून येते, ४१६१०१, तिचे फरक ६, ३ आणि ० येतात, आता तो कुठल्या मुक्कामाला जातो ते तिनं काढायचं.